माता-बालकांच्या आश्रयाचा प्रश्न : बालहत्याप्रतिबंधक गृह (१८६३) आणि तदुत्तर परंपरा
(सावित्री-खोऱ्याच्या विशेष संदर्भात)

महाराष्ट्रातील समाजसुधारणेचा इतिहास लिहिताना स्त्रीशिक्षण, विधवाविवाह आणि संमतिवय ह्या तीन प्रश्नांना अग्रस्थान देण्याची प्रथा पडली आहे. ह्या तिन्ही प्रश्नांच्या तळाशी असलेला एक चौथा प्रश्न मात्र बहुधा तळटीपेतच राहतो. ज्या स्त्रीला पतीचे घर उरले नाही आणि पित्याचे घर बंद झाले, तिने आपल्या मुलासह राहावयाचे कोठे, हा तो प्रश्न होय. तो वरवर निवाऱ्याचा दिसतो. पण वारसा, पालकत्व, जातिनियम आणि दंडविधान ही सर्व त्यात गुंतलेली असल्याचे थोड्या विचारान्ती ध्यानात येते. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाची एकोणिसाव्या शतकातील मांडणी, तीवर निघालेले संस्थात्मक उपाय आणि त्या उपायांच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. महाड-पोलादपूर ह्या अंतर्भागातील कोकणाचा संदर्भ त्यात दोन कारणांनी येतो. एक तर हा प्रदेश मुंबईला मनुष्यबळ पुरविणारा आणि म्हणून स्त्रियांना गावी मागे ठेवणारा आहे. दुसरे म्हणजे, ह्या प्रश्नाशी ज्यांचा निकटचा संबंध आला अशा अनेक व्यक्तींचे जन्मस्थान अथवा कार्यक्षेत्र सावित्री नदीच्या खोऱ्यात वा त्याच्या सीमेवर आहे.

१. माहेर : आश्रयाची मूळ संस्था

संस्थांच्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी त्या ज्या व्यवस्थेच्या अभावी निर्माण झाल्या, त्या व्यवस्थेचे स्वरूप पाहिले पाहिजे. मराठी समाजात प्रसूतीच्या काळातील आश्रयाची मूळ संस्था म्हणजे माहेर. पहिलटकरणीने बाळंतपणास माहेरी यावे, सुईण माहेरच्या माणसांनी बोलवावी, बाळंतिणीची खोली, शेक-शेगडी, डिंक-अळीव ह्यांची तजवीज आईने करावी आणि सव्वा महिन्यानंतर लेकीची बाळासह पाठवणी करावी, हा क्रम जातिभेद ओलांडून जवळजवळ सर्वत्र आढळतो. प्रसूत स्त्रीला विश्रांती, आहार आणि अनुभवी स्त्रियांची सोबत ह्या तीन गोष्टी एकत्र मिळवून देणारी ही व्यवस्था होती. आधुनिक काळात ज्याला आधारगृह म्हणतात, त्याची बहुतेक सर्व अंगे तीत सामावलेली दिसतात.

तथापि ही व्यवस्था सशर्त होती. लेक सौभाग्यवती असावी, मूल औरस असावे आणि मुक्काम तात्पुरता असावा, ह्या अटी अलिखित असल्या तरी अत्यंत कठोर होत्या. पतीने टाकलेली स्त्री माहेरी आली तर ती ‘भावाच्या घरी’ राहते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ‘आपल्या घरी’ असे कोणी म्हणत नाही. विधवेच्या बाबतीत परिस्थिती याहून बिकट असे, आणि विधवा गरोदर राहिली तर सासर व माहेर ही दोन्ही दारे एकाच दिवशी बंद होत.

येथे जातिनिहाय भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. सावित्री-खोऱ्यातील कुणबी, कोळी, महार इत्यादी समाजांत पाट अथवा म्होतूर लावण्याची मोकळीक होती आणि काडीमोडही अपरिचित नव्हती. विधवेला पुन्हा संसार मांडता येई; पण पहिल्या पतीपासून झालेली मुले सामान्यतः त्याच्या कुळाची मानली जात. म्हणजे ह्या समाजांत स्त्रीला घर मिळे, परंतु ते मिळविताना मूल मागे ठेवण्याचा प्रसंग येई. उलट ब्राह्मण व तत्सम जातींत पुनर्विवाह निषिद्ध असल्याने विधवेला घरच मिळत नसे. एका समाजात मुलाची ताटातूट आणि दुसऱ्यात आश्रयाचा संपूर्ण अभाव, अशी ही दुहेरी स्थिती होती. परिणाम मात्र एकच : माता आणि मूल यांना एकत्र राहता येईल, अशी स्वतंत्र जागा समाजव्यवस्थेत नव्हती.

२. कायद्याची भूमिका

ब्रिटिश अमदानीतील कायद्यांनी ह्या प्रश्नात हस्तक्षेप केला, परंतु तो दोन परस्परविरुद्ध दिशांनी. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध ठरविला. मात्र त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमान्वये पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टात येई. तिसऱ्या कलमान्वये, मृत्युपत्राने पालक नेमलेला नसल्यास, मृत पतीच्या आप्तांना मुलांसाठी अन्य पालक नेमण्याची मागणी न्यायालयाकडे करता येत असे. सुधारकांनी गौरविलेल्या ह्या कायद्यानेदेखील माता आणि मूल यांचे ऐक्य गृहीत धरले नव्हते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पूर्वोक्त समाजांतील रूढी आणि हा नवा कायदा यांचा निष्कर्ष ह्या बाबतीत सारखाच होता. हा कायदा १९८३ मध्ये रद्द करण्यात आला.

दुसरीकडे १८६० चा भारतीय दंडसंहिता कायदा १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आला. गर्भपात घडवून आणणे, बारा वर्षांखालील मूल उघड्यावर टाकणे, मृत अर्भकाची गुप्तपणे विल्हेवाट लावून जन्म लपविणे, हे सर्व त्याने स्वतंत्र गुन्हे ठरविले. अर्भकाची हत्या हा तर खूनच होता. रूढीने जी स्त्री घराबाहेर काढली, तिलाच कायद्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ज्या पुरुषामुळे तिच्यावर हा प्रसंग आला, त्याच्यावर ह्या कलमांचा सहसा परिणाम होत नसे. कारण गुन्ह्याचा पुरावा होता तो स्त्रीच्या देहात.

ह्या विषमतेची सर्वांत गाजलेली नोंद १८८१ मधील सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्यात मिळते. अर्भकहत्येच्या आरोपावरून ह्या ब्राह्मण विधवेस प्रथम फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्याची व पुढे पाच वर्षांची करण्यात आली. ह्या खटल्यावरील वृत्तपत्री चर्चेने उद्विग्न होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या प्रश्नाने ताराबाईंची लेखणी चालविली, त्याचे प्रत्यक्ष उत्तर देण्याचा प्रयत्न पुण्यात त्यापूर्वी सुमारे दोन दशके सुरू झालेला होता.

३. पुण्यातील गृह, १८६३

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घराच्या आवारात बालहत्याप्रतिबंधक गृह सुरू केले. त्याच्या स्थापनेची हकीगत स्वतः जोतीरावांनी एका निवेदनात दिली आहे. बेहरामजी मलबारी यांनी ऑगस्ट १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य ह्या विषयांवर टिपणे प्रसिद्ध केली. त्यांवर सरकारने मते मागविली असता, ४ डिसेंबर १८८४ च्या आपल्या अभिप्रायात जोतीरावांनी काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेची कथा नमूद केली. ती त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकीण होती. एका शास्त्र्याच्या नादाने ती गरोदर राहिली. औषधांनी गर्भ पडला नाही, तेव्हा जन्मलेल्या मुलाचा तिने जीव घेतला व प्रेत विहिरीत टाकले. पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ह्या प्रकरणाचा चटका लागून जोतीरावांनी हे गृह उघडले.

गृहाची पद्धत साधी होती. अडचणीत सापडलेल्या विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, नंतर मूल बरोबर न्यावे अथवा येथेच ठेवावे, हे त्यांच्या इच्छेवर अवलंबून राहील, अशा आशयाच्या जाहिराती शहरात लावण्यात आल्या होत्या. बाळंतपणे करणे आणि मागे राहिलेल्या मुलांचे संगोपन करणे, हे काम सावित्रीबाईंकडे होते. जोडप्याला स्वतःचे अपत्य नव्हते आणि गृहासाठी सरकारी अनुदानही नव्हते. खर्च घरचाच होता.

ह्या गृहाविषयी जोतीरावांनी दिलेले आकडे विशेष लक्षपूर्वक वाचले पाहिजेत. १८८४ पर्यंत पस्तीस गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जिवंत राहिली. उरलेली तीस दगावली, कारण गर्भ लपविण्यासाठी त्या मातांनी आधीच विषारी औषधे घेतली असली पाहिजेत, असे जोतीराव लिहितात. एकवीस वर्षांत पस्तीस स्त्रिया म्हणजे वर्षाला दोनदेखील नव्हेत. ह्यावरून गृह निष्फळ ठरले असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. आकड्यांचा अर्थ वेगळा आहे. ज्या स्त्रिया आल्या, त्या सर्व अन्य उपाय थकल्यावर आल्या. आश्रय उपलब्ध होता, पण तेथवर पोहोचण्याची वाट लज्जेने आणि भीतीने अडविलेली होती. आश्रयगृहाचे यश त्याच्या खोल्यांवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते त्याची वार्ता योग्य वेळी योग्य स्त्रीच्या कानी जाते की नाही, यावर अवलंबून असते. सात मुलांपैकी सहा मृत्युमुखी पडली, ती गृहाच्या दाराबाहेरच निश्चित झालेल्या मृत्यूने.

ह्या पाच जिवंत मुलांच्या संदर्भात यशवंत फुले यांचे चरित्र महत्त्वाचे आहे. १८७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात काशीबाई नावाच्याच दुसऱ्या एका ब्राह्मण विधवेच्या पोटी ह्या गृहात त्यांचा जन्म झाला. फुले दांपत्याने त्यांना दत्तक घेतले. १८८७ च्या आपल्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यांच्या वारसाहक्काची तजवीज केली. यशवंतराव पुढे डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ त्यांच्याच दवाखान्यात रुग्णसेवा करीत असता सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुलाला केवळ जीवदान देऊन न थांबता त्याला नाव, शिक्षण आणि वारसा देणे, हा त्या काळातील अन्य कोणत्याही संस्थेहून अधिक पुढचा विचार होता. मात्र माता आणि मूल यांचा एकत्रित दीर्घकालीन निवास हा ह्या गृहाचाही हेतू नव्हता. मातेने पूर्ववत आपल्या जगात परतावे, हेच गृहीत होते. आणि तत्कालीन परिस्थितीत तिच्या दृष्टीने तेच सर्वांत सुरक्षित होते.

४. पंढरपूर, केडगाव, हिंगणे

१८७५ मध्ये पंढरपूर येथे तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाजाचे बालकाश्रम सुरू झाले. पुढे ते वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम ह्या नावाने प्रसिद्धीस आले. स्थळाची निवड अन्वर्थक होती. यात्रेच्या निमित्ताने विधवांना पंढरपुरी आणावयाचे आणि तेथे गुपचूप बाळंत करून परत न्यावयाचे, हा प्रकार त्या काळी अपरिचित नव्हता. यात्रा हे घराबाहेर पडण्याचे एकमेव निर्दोष निमित्त होते. टाकलेली अर्भके वाचविणे हा आश्रमाचा मूळ उद्देश होता. १८७६-७७ च्या दुष्काळात अनाथ मुलांची त्यात भर पडली. येथे मुलाला आश्रय मिळाला. माता बहुधा ओळख न ठेवता निघून जाई. ही व्यवस्था मुलाच्या प्राणरक्षणाची होती, मातृत्वाच्या रक्षणाची नव्हे.

पंडिता रमाबाईंच्या कार्याने ह्या विचारात एक नवा घटक आणला. रमाबाई स्वतः विधवा माता होत्या. कन्या मनोरमा हिचा जन्म १८८१ चा. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी निवर्तले आणि तान्ह्या मुलीसह त्या पुण्यास आल्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले; १८९० मध्ये ते पुण्यास हलविले. धर्मांतराच्या वादावरून १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर प्रभृतींनी अंग काढून घेतले, हा भाग सुपरिचित आहे. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या स्त्रिया व मुली यांच्यासाठी दौंडजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले आणि ज्या स्त्रियांना अन्यत्र कोणी थारा देत नसे त्यांच्यासाठी कृपासदन ही स्वतंत्र शाखा निघाली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकवून स्त्रीला कमावती करणे, हा रमाबाईंचा मूलगामी विचार होता. आश्रयाचा शेवट परतीत नव्हे, तर स्वावलंबनात व्हावा, ही कल्पना येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर अंमलात आली. धर्मप्रसाराच्या हेतूमुळे हिंदू समाजाने तिच्याकडे संशयाने पाहिले आणि त्यामुळे तिचा अनुकरणीय भागही दीर्घकाळ उपेक्षित राहिला.

शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. त्यांचा विवाह ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली येथे झाला. पोलादपुराहून कशेडी घाट उतरले की खेड तालुका लागतो. म्हणजे ते अक्षरशः ह्या खोऱ्याच्या शेजारचे. पुनर्विवाहामुळे त्यांच्यावर मुरुडच्या ग्रामस्थांनी टाकलेला बहिष्कार प्रसिद्ध आहे. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला व १९०० मध्ये तो पुण्याजवळ हिंगणे येथे नेला. ह्या संस्थेने विधवेला विद्यार्थिनी मानले, हा तिचा मोठेपणा होय. परंतु विद्यार्थिनी ह्या भूमिकेत मातृत्वाला स्वाभाविकपणेच गौण स्थान मिळाले. समाजाचा विश्वास संपादन करण्यासाठी संस्थेला आपले नाव वादातीत ठेवणे भाग होते. ज्यांच्याविषयी समाजात कुजबुज होती त्या स्त्रियांचा प्रश्न त्यामुळे तिच्या चौकटीबाहेर राहिला.

एकंदरीत चार संस्थांनी चार अंशतः उत्तरे दिली. फुल्यांच्या गृहाने प्रसूतीला संरक्षण दिले, पंढरपूरने मुलाला, केडगावने स्त्रीच्या श्रमशक्तीला, हिंगण्याने तिच्या बुद्धीला. माता व मूल हे एक कुटुंब आहे आणि त्याला घर हवे, हे उत्तर मात्र ह्यांपैकी कोणाचेही मुख्य उत्तर नव्हते.

५. सावित्री-खोऱ्याचा संदर्भ : श्रम, स्थलांतर आणि मातृत्व

फुल्यांचा विचार महाड परिसरात कसा पोहोचला, याचा एक ठळक दुवा म्हणजे गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळील रावढळ हे त्यांचे गाव. लष्करी सेवेतून १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी दापोली येथे राहून अस्पृश्यतेविरुद्ध लेखन व संघटन केले. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका लिहिली. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांनी मोठा विरोध केला. वलंगकरांचा संबंध आश्रयगृहांशी नव्हता, तो अस्पृश्यतानिवारणाशी होता. पण विटाळाची कल्पना हेच दोन्ही प्रश्नांचे मूळ आहे. ज्या कल्पनेने अस्पृश्याला पाणवठ्यापासून दूर ठेवले, तिनेच ‘पतित’ ठरविलेल्या मातेला घरापासून दूर ठेवले. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील परिषदेत मनुस्मृतीचे जे दहन झाले, त्यांचा ह्या दृष्टीने विचार केला असता स्त्रीप्रश्नाशी असलेला त्यांचा संबंध अधिक स्पष्ट होतो. डिसेंबरच्या त्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उपस्थित स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले होते.

ह्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा देताना आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा आश्रयाच्या इतिहासात निर्णायक आहे. प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे आणि सध्याच्या परिस्थितीत मालकानेही तो सोसला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मातृत्वाची जबाबदारी माहेरची किंवा धर्मादायाची नसून सार्वजनिक आहे, हे तत्त्व येथे कायदेमंडळात स्वच्छ शब्दांत मांडले गेले. त्यापूर्वी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात अशाच आशयाचे विधेयक नारायण मल्हार जोशी यांनी मांडले होते. ते संमत झाले नाही. जोशी हे महाडच्या उत्तरेस माणगाव तालुक्यात असलेल्या गोरेगावचे. १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून त्यांनी गिरणगावातील कामगारवस्तीत शाळा, वाचनालये व दवाखाने चालविले होते. अखेर १९२९ मध्ये मुंबई प्रांताने प्रसूतिलाभ कायदा केला. असा कायदा हिंदुस्थानात हा पहिलाच.

कायदा गिरणीतील स्त्रीला मिळाला; महाड-पोलादपूरच्या डोंगरातील स्त्री त्याच्या कक्षेत नव्हती. गिरणीत काम करणारा पुरुष चाळीच्या गाळ्यात दहाबारा जणांत राही, खाणावळीत जेवी आणि बायकामुलांना गावी ठेवी. वरकस जमिनीवरील नाचणी-वरी, पावसाळी भात आणि महिन्याची मनिऑर्डर ह्यांवर गावचे घर चाले. मनिऑर्डर आली तर स्त्री घरधनीण ठरे. ती थांबली, पुरुष आजारी पडला, मरण पावला वा त्याने शहरात दुसरा संसार थाटला, तर तीच स्त्री दिराच्या किंवा भावाच्या दारात येऊन पडे. १९८२ च्या गिरणी संपानंतर हे पैसे हजारो घरांत कायमचे आटले. स्थलांतराच्या अर्थव्यवस्थेत टाकलेल्या मातेचा प्रश्न हा नैतिक अपवाद राहत नाही. तो त्या अर्थव्यवस्थेचाच नित्य परिणाम ठरतो. इतिहासलेखनाने ह्या फरकाची दखल घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात जो प्रश्न ब्राह्मण विधवेच्या ‘अब्रू’चा म्हणून मांडला गेला, तो विसाव्या शतकात श्रमिक स्त्रीच्या निवाऱ्याचा म्हणून समोर आला.

६. स्वातंत्र्योत्तर व्यवस्था

स्वातंत्र्यानंतर शासनाने दोन मार्गांनी हा प्रश्न हाताळला : मालमत्तेच्या कायद्याने आणि संस्थांच्या योजनेने.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील तेविसावे कलम ह्या संदर्भात अवश्य अभ्यासावे. मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या हिंदूच्या राहत्या घरात स्त्री वारसाला हिस्सा असला, तरी पुरुष वारस वाटणी करीपर्यंत तिला वाटणी मागता येत नसे; केवळ राहण्याचा हक्क असे. तोही मुलीच्या बाबतीत ती अविवाहित, पतीने टाकलेली, पतीपासून विभक्त अथवा विधवा असेल तरच. रूढीतील माहेर येथे विधिनियमात उतरले होते, आणि त्याच्या अटीसुद्धा बरोबर उतरल्या होत्या. आश्रय दिला, पण मालकी गाजवू दिली नाही. २००५ च्या दुरुस्तीने हे कलम वगळण्यात आले व मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या सतराव्या कलमाने स्त्रीला, मालकी असो वा नसो, सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. हा अधिनियम ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. १८५६ ते २००५ ह्या दीडशे वर्षांत कायदा ‘पतीचे घर सोडल्यास हक्क संपतो’ येथपासून ‘घरातून काढता येणार नाही’ येथवर आला.

कायद्यातील हा बदल आपोआप घडला नाही. १९८८ मध्ये संगमनेर येथे परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली आणि ‘टाकलेली’ हा दोषवाचक शब्द प्रथमच हक्काच्या मागणीचा विषय झाला. त्याच सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमाद्वारे शेतजमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले. दोन्ही चळवळींचे सूत्र एकच होते : निवारा दयेवर नव्हे, तर नोंदीवर उभा राहिला पाहिजे.

संस्थांच्या बाबतीत १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. १९५६ व १९६० च्या अधिनियमांनी स्त्रिया व मुले यांच्या आश्रमांना परवाना व देखरेख लागू केली. १९६९ मध्ये अल्पमुदती निवासगृहांची, २००१ मध्ये स्वाधार योजनेची भर पडली. पुढे दोन्ही एकत्र होऊन स्वाधारगृह व २०२२ पासून ‘मिशन शक्ती’खाली शक्तिसदन असे त्यांचे रूपांतर झाले. मुलांच्या संस्था मात्र ‘मिशन वात्सल्य’ ह्या वेगळ्या योजनेखाली आहेत. मातेबरोबर राहणाऱ्या मुलग्याला ठराविक वयानंतर बालगृहात जावे लागते. शासकीय विभागणीची ही सोय प्रशासनाला उपयुक्त असेल. पण पंढरपूर आणि हिंगणे यांच्यात एकोणिसाव्या शतकात जी फारकत पडली होती, तीच येथे वेगळ्या नावांनी टिकून आहे.

ह्याला अपवाद ठरणारे प्रयोग स्वयंसेवी क्षेत्रात झाले. पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे १९९७ मध्ये सिस्टर लुसी कुरियन यांनी सुरू केलेल्या संस्थेचे नावच ‘माहेर’ असे आहे. मारहाणीतून सुटलेल्या वा टाकलेल्या स्त्रिया, त्यांची मुले आणि अनाथ मुले यांनी लहान लहान घरांतून एकत्र राहावे, अशी तिची रचना आहे. मोठ्या वसतिगृहाऐवजी घर हे एकक मानणे, हा तिचा विशेष. १८६३ पासून जे उत्तर अपुरे राहिले होते, त्याच्या दिशेने टाकलेले हे पाऊल होय. संस्थेने स्वतःसाठी ‘आश्रम’, ‘सदन’ वा ‘गृह’ असा शब्द न निवडता ‘माहेर’ हा शब्द निवडला, यातही इतिहासाची जाण दिसते : ज्या संस्थेच्या अटींमुळे हा प्रश्न जन्मला, तिचे नाव घेऊन त्या अटी काढून टाकण्याचा हा प्रयत्न आहे.

७. आपत्ती आणि घराची मालकी

सावित्री-खोऱ्यात ह्या प्रश्नाला अलीकडच्या काळात एक निराळे परिमाण लाभले आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथील दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली. अशा आपत्तीत एका रात्रीत सासर आणि माहेर दोन्ही नाहीसे होण्याचा प्रसंग येतो, कारण डोंगराळ भागात सोयरिकी जवळच्या वाड्यांतच जुळलेल्या असतात. रूढीने जी दोन दारे एकाच दिवशी बंद केली होती, ती येथे डोंगराने बंद केली.

अशा वेळी पुनर्वसनाचे घर कोणाच्या नावे होते, हा तांत्रिक प्रश्न राहत नाही. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घर स्त्रीच्या अथवा पतिपत्नी उभयतांच्या नावे करण्याचे धोरण आहे. विधवा माता व तिची मुले ही स्वतंत्र कुटुंब म्हणून मोजली जातात की दिराच्या वा सासऱ्याच्या कुटुंबात समाविष्ट होतात, यावर तिचा पुढील सर्व आयुष्यक्रम ठरतो. नोंदवहीतील एका ओळीने आश्रिता घरधनीण होते किंवा घरधनीण आश्रिता होते.

८. उपसंहार

उपर्युक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, माता-बालकांच्या आश्रयाच्या संस्था भूतदयेतून निघाल्या असे म्हणणे अपुरे आहे. रूढी व दंडविधान यांनी मिळून निर्माण केलेल्या कोंडीवरचे ते प्रत्यक्ष उत्तर होते; त्यांच्या मर्यादाही त्या कोंडीनेच आखून दिल्या. दुसरा असा की, प्रत्येक संस्थेने माता अथवा मूल यांपैकी एकाची निवड केली, आणि ही निवड आजच्या योजनांच्या विभागणीतही टिकून आहे. तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा : आश्रयाचा इतिहास आणि मालकीचा इतिहास हे वेगळे लिहिता येत नाहीत. बालहत्याप्रतिबंधक गृहातील पाच जिवंत मुलांपैकी एकाला जोतीरावांनी मृत्युपत्राने वारस केले, ह्या कृतीत हा संबंध त्यांनी ओळखल्याची साक्ष आहे.

महाड-पोलादपूरसारख्या तालुक्याच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास आजवर बहुधा किल्ला, बंदर आणि सत्याग्रह ह्या तीन विषयांभोवती फिरला आहे. ह्या विषयांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु फेरफार-नोंदी, पोटगीचे दावे, शाळांच्या दाखल-खारीज वह्यांतील पालकाचे नाव आणि पुनर्वसनाच्या याद्या ही साधनेही तितक्याच आस्थेने तपासली पाहिजेत. शाळेच्या वहीत पालक म्हणून मामाचे नाव लागलेले असले, तर त्या एका नावामागे बहुधा एका बहिणीची परतपाठवणी असते. अशा नोंदी एकत्र मांडल्या, म्हणजे ज्यांना घर नव्हते त्या मातांचा इतिहास घरांच्याच दप्तरांतून लिहिता येईल.